बुचांची दोरी

गाठ मारून मॅथ्यूने दोरी जिभेने ओली केली, दातांत धरून आवळली आणि पुढचं बूच घ्यायला पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं.

त्याच्या मांडीवरून उतरून बुचं फरशीभर गेली होती. सोफ्याला वळसा घालून टीव्हीच्या टेबलाखाली शिरली होती. सगळी एकाच दोरीत. दोन बुचांत वीतभर अंतर, आणि प्रत्येक बुचाला वर एक गाठ, खाली एक.

सुनेने असं सांगितलं नव्हतं. बाजारात निघताना टॅनियाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "पप्पा, एक बूच, एक फास, मग दोरी कापायची. मग दुसरं." मुलगा इव्हान त्याच्या हॉटेलातून वाईनच्या बाटल्यांची बुचं आणायचा, टॅनिया त्यांना भोकं पाडून देवदूत करायची. बूच म्हणजे अंग, लाकडी मणी म्हणजे डोकं, पंख रिबिनीचे. बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीने नाताळच्या कार्यक्रमासाठी घरटी एक मागवला होता. आज संध्याकाळी द्यायचे होते.

उत्तनच्या कोळीवाड्यातलं घर बंद करून मीरा रोडला मुलाकडे आल्यापासून मॅथ्यूला कोणी काम सांगितलं नव्हतं. बसा, जेवा, टीव्ही बघा. हे बुचांचं काम त्याने मागून घेतलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं, जमलं तर राहायचं, नाही तर रविवारी उत्तनची बस धरायची.

पहिली काही बुचं त्याने सांगितल्यासारखीच ओवली होती. ती बाजूला सुटी पडली होती. मग पिशवीतून तो आंबूस वास आला. नाताळच्या आधी त्याची बायको पॅट्रिशिया, ती होती तोवर, द्राक्षांच्या वाईनची बरणी उघडायची तेव्हा घरभर यायचा, तसाच. पुढचं, जन्मभर जाळ्याच्या दोरीला बुचं बांधत आलेल्या त्याच्या हातांनी आपलं आपणच केलं.

त्याने एक गाठ नखाने उकलून पाहिली. सुटेना. सुटू नये म्हणूनच ती तशी मारतात.

कुलपात किल्ली फिरली. टॅनियाने आत पाऊल टाकलं आणि मण्यांच्या पिशव्या तिच्या हातातून खाली आल्या.

"पप्पा! मी देवदूत सांगितले होते. तुम्ही काय जाळं घेऊन बसलात?"

"माजा चुकला, बाय. हात गेला तसा जाऊ दिला."

"अहो, संध्याकाळी द्यायचेत मला!" तिने कात्री घेतली आणि ढिगातलं हाताला आलेलं बूच ओढलं. त्याच्याबरोबर दहा आली.

"अशी नको कापू. गुंत्यात वरचा कुठला न् खालचा कुठला, समजणार न्हाय. ताणून धरला पायजे."

"एवढी जागा आहे का घरात?"

मॅथ्यूने उघड्या दाराकडे बोट केलं.

तो उंबऱ्यात उभा राहिला. टॅनिया दुसरं टोक घेऊन उलट्या पावलांनी पॅसेजमधून निघाली, शेजाऱ्यांच्या दारांपुढून, लिफ्टपुढून, जिन्यापर्यंत. फरशीवरची बुचं एकामागून एक उचलली गेली.

"लय ताणू नको. मदी, पोटात, जरा सैल ठेव."

तिने सैल ठेवली.

"हे टोक कोण धरायचं, पप्पा?"

"पॅट्रिशिया."

टॅनियाने दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं.

लिफ्टचं दार उघडलं. शेजारच्या हंसाबेन दुधी आणि आइस्क्रीमचा डबा घेऊन बाहेर आल्या. दोरी खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर आली होती. साडी सावरून त्यांनी पाय उचलला.

"बेन, रुको! इसके ऊपर से नहीं जाने का."

"क्यों अंकल, करंट है क्या?"

"जाल है."

हंसाबेननी बुचांकडे पाहिलं, टॅनियाकडे पाहिलं. "जाळं ओलांडत नाहीत," टॅनिया म्हणाली. तिलाही हे आत्ताच कळल्यासारखी. हंसाबेननी पाय मागे घेतला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "अच्छा. लेकिन जल्दी पकडो मछली. मेरा आइस्क्रीम पिघल रहा है."

मॅथ्यू हसला. टॅनियाने त्याला या घरात हसताना पाहिलं नव्हतं.

"कापू?" तिने विचारलं.

"थांब जरा."

जिन्याच्या खिडकीतून वारा येत होता. बुचं हलत होती, पहिलं खाली गेलं की दुसरं वर. टॅनियाने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"काप आता," तो म्हणाला. "खालच्या गाठीला लागून काप. वरच्या दोरीचा फास होल. आनि पुढच्या टायमाला बारीक दोरा आण. देवदूताला हा जाड हाय."

कात्री चालली. पहिलं बूच तिने ओढणीच्या ओच्यात टाकलं आणि नवं टोक धरायला वीतभर पुढे सरकली. मग दुसरं. पुन्हा वीतभर. मॅथ्यू आपलं टोक धरून दारात उभा होता, आणि ती दोरीच्या मापाने त्याच्याकडे येत होती.