काळी एकचा तानपुरा

दाक्षायणीच्या गाडीतून आलेला तानपुरा ग्रीनरूमच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. जगदेवीने आजूबाजूला पाहिलं, चादर जराशी सारली आणि तारांवरून बोट फिरवलं. काळी एक. पेटीची पहिली काळी पट्टी, चक्क पुरुषाच्या गळ्याचा सूर.

तिला हसूच फुटलं. म्हणजे बाईंचा आवाज उतरला तर! पुण्यात राहून, पुरस्कार घेऊन, परदेशात गाऊन शेवटी गळा इथवर आला.

"काय बघतेयस?" दारातून दाक्षायणीने विचारलं.

"तुझा सूर बघत होते की. लई खाली आला गं."

दाक्षायणीने येऊन चादर पुन्हा ओढली. "दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. एवढं तरी आप्पांनी शिकवलं होतं तुला."

दोघी आप्पांच्या याच संगीत विद्यालयातून एकाच वर्षी पहिल्या वर्गात बाहेर पडलेल्या, आणि त्या वर्षापासून एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. आज विद्यालयाचा सुवर्णमहोत्सव. आधी अर्धा तास जगदेवी गाणार, मग शेवटपर्यंत दाक्षायणी. कार्यक्रम दाक्षायणीनेच ठरवला होता. मोठ्या कलाकाराला नाही कोण म्हणणार?

जगदेवीचं डोकं याच गोष्टीने तापलं होतं. विद्यालयात राहून पोरांचे आवाज घडवायचे जगदेवीने. आप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून रोज आंबील घेऊन जायचं जगदेवीने. आणि आप्पांसमोर शेवटचं गायचं ते हिने! गेले चार दिवस तर ही आप्पांच्या खोलीत दार लावून बसत होती. जगदेवी आंबील बाहेरच ठेवून परत फिरत होती. आप्पा आज चाकांच्या खुर्चीतून आले होते. पुन्हा या सभागृहात येतील की नाही, कोण जाणे. त्यांच्या कानात शेवटी कुणाचं गाणं राहणार, एवढंच तिला उरलं होतं, आणि ते ती सहजासहजी सोडणार नव्हती.

तिची तोडी चांगली रंगली. पहिल्या रांगेत आप्पा डोळे मिटून ऐकत होते. आता एखादी छोटी बंदिश म्हणून उठायचं आणि मोठ्या कलाकाराला वाट करून द्यायची, असा रिवाज. जगदेवी पेटीवाल्या शिवानंदकडे वळली आणि हळूच म्हणाली, "भैरवी."

शिवानंदचा भाता थांबला. "बाई, दाक्षायणीताई राहिल्यात की अजून."

"ठाऊक आहे मला. भैरवी."

भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर गायचं नसतं. इतर ठिकाणी लोक कधीमधी कानाडोळा करतात, पण आप्पांपुढे ते चालत नसे. एका गुरुपौर्णिमेला भैरवी झाल्यावर चपला घालता घालता दाक्षायणी नुसती गुणगुणली होती, तर पावसाळा संपेपर्यंत आप्पांनी तिला समोर बसू दिलं नव्हतं. तेव्हा ती किती रडली होती, हे जगदेवी विसरली नव्हती.

तिने सूर लावला. गायली ती रागाने, पण कोमल रिषभ असा काही लागला की सभागृहातला खोकलासुद्धा बंद पडला. गाता गाता तिने विंगेत पाहिलं. दाक्षायणी तो तानपुरा छातीशी धरून उभी होती. चादर तिच्या पायाशी पडली होती आणि चेहरा पांढरा पडला होता. जगदेवीला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिने भैरवी आणखी सावकाश, आणखी लांबवून संपवली.

लोक आधी गोंधळले, मग टाळ्या पडल्या. आप्पांनी चांगला हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला आणि खुर्ची वळवा अशी खूण केली. जगदेवी खाली उतरून त्यांच्या पाया पडायला वाकली. तेवढ्यात दाक्षायणी तानपुऱ्यासकट धावत आली.

"आप्पा, वर चला. दोनच मिनिटं. कुणी काही म्हणणार नाही."

आप्पांची जीभ अजून जड होती. शब्द मात्र स्पष्ट आला. "भैरवीनंतर?"

"त्यांना वर कशाला न्यायलीस?" जगदेवीने विचारलं.

दाक्षायणी तिच्याकडे वळली. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती. "आप्पा गाणार होते गं! शेवटी. मी नुसती मागं बसून ह्यो त्यांच्या सुराचा तानपुरा धरणार होते. चार दिवस सूर लावायलोय आमी दोघं. तुला बोलायचं न्हाय म्हणून त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, जगूला एकदम ऐकवायचंय."

जगदेवी तशीच वाकलेली राहिली. आप्पांनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"साकु," ते म्हणाले. मनासारखा धडा झाला की ते तो असाच कानडीत 'पुरे' म्हणून आवरता घ्यायचे. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "लई चांगली झाली भैरवी."

हे ऐकण्यासाठी जगदेवीने सगळं आयुष्य या विद्यालयात काढलं होतं.

खुर्ची दाराबाहेर गेली. दाक्षायणी रंगमंचाच्या पायरीवर बसली आणि काळी एकच्या तारा उतरवू लागली. प्रत्येक खुंटी पिळताना ती जगदेवीकडे बघत होती.