माठावरचा पेला

हिमालयात बर्फ किती साचेल नि कधी वितळेल, हे लोकेश डेहराडूनला बसून कॉम्प्युटरवर मांडायचा. पण पडद्यावरचा त्याचा बर्फ खऱ्या बर्फाच्या आधीच वितळून जाई. "हा टिकला का गावी येतो, माय," तो फोनवर म्हणाला. त्याच दिवशी कामठ्यात पार्वताबाईंनी माठाचं पाणी सोडलं. लेकाचा बर्फ टिकेपर्यंत नळाचं कोमट पाणीच प्यायचं, असा नेम धरला.

वैशाखात, जिवाची काहिली होत असताना फोन आला. "टिकला वं, माय."

त्यांनी माठावरचा पेला हाती घेतला. "मंग कधी येऊन राहिला, बाबू?"

"आता दुसरा डोंगर दिला. त्याचाही बर्फ लवकरच जाते."

"टिकन तोही," पार्वताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला नळाखाली धरला.