उन्हाकडची बाजू

आदल्या दिवशी सगळं नेहमीसारखंच होतं. सांगलीत इंग्रजी शिकवणारी स्वप्नाली सुट्टीला गावी आली होती आणि अंगणात बसून वह्या तपासत होती. वडिलांनी विचारलं म्हणून तिनं ‘शेड’चे अर्थ सांगितले: सावली, रंगाची छटा, दिव्यावरची टोपी, डोळ्यांवर आडवा हात धरणं. मेंढरांमागं जन्म काढलेले आप्पा हसले. “एकला शब्द येवढा राबतुय? त्याला जेवाय तरी घाल बाय.” पहाटे ते झोपेतच गेले. तेराव्यानंतर आई म्हणाली, “रडत बसू नगंस. मेंढरं घिऊन माळाला जा.” दुपारी मेंढरांनी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घातली, एक कोकरू उन्हातच राहिलं. स्वप्नाली नकळत उन्हाच्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिची सावली त्याच्यावर पडली. ती मोठ्यानं म्हणाली, “आप्पा, शाळेच्या वाटेवर तुमी असंच उन्हाकडनं चालायचा. मला कळत हुतं, बोलले न्हाई.”