सित्र्याची हवा

आखातातल्या सित्रा बेटावर, कारखान्यांना लागून असलेल्या आमच्या कंपनी क्वार्टर्सच्या गच्चीवर हवा मोजायचं मशीन बसलं, तेव्हा ते बसवणारा गोरा साहेब अब्बांना म्हणाला, "युरोपातले देश आपापल्या हवेचे आकडे एकत्र करून ताडून बघतात. तुमचेही त्यांना पाठवू. इथली हवा खराब निघाली, की कंपनीला तुम्हा सगळ्यांना कारखान्यांपासून लांब, किनाऱ्यावरच्या झल्लाकला हलवावंच लागेल."

माझी धाकटी बहीण अदीबा जिना चढतानाच धापा टाकायची. अब्बा तिला रोज सांगायचे, "थांब जरा. इंशाल्ला, झल्लाकला समुद्राची हवा खाशील."

वर्षभरानं साहेब हसत आला. "जमालुद्दीन, तुमची हवा तर युरोपातल्या डोंगरांपेक्षा स्वच्छ निघाली! मग हलायचं कशाला? मशीन उद्या दुसरीकडे नेतोय."

माझं डोकंच फिरलं. "मशीन बिघडलंय तुमचं! वर चला, नाकानं हुंगा!" म्हणत मी त्याला ओढतच गच्चीवर नेलं. कारखान्यांचा धूर नुकताच आमच्याकडे वळला होता, डोळे चुरचुरत होते.

आमच्याआधी अम्मी तिथं पोचली होती. अदीबाच्या जुन्या फ्रॉकचं शिवलेलं कव्हर ती मशीनवर चढवत होती, घरातल्या टीव्हीवर घालते तसंच.

"अम्मी, हे काय?"

"धूर आला की मी लगेच झाकते," ती नाडी घट्ट बांधत म्हणाली. "अदीबाला झल्लाकला नेणारं मशीन आहे ना हे? मग जपायला नको?"