दुसऱ्या हप्त्याची पाहणी

अठरा फेब्रुवारी, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे, तारेचा वेढा एकेचाळिसावा.

पाहणी अधिकारी वर्कशॉपच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. हँडल फिरवणाऱ्या मुलीने मान वर केली नाही. तिचे ओठ हलत होते. तांब्याची तार लाकडी फर्म्यावर एकाला एक चिकटून बसत होती.

“थांबा साहेब,” कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यावर आपल्या मोटरीची वाट पाहत बसलेल्या काकू म्हणाल्या. “आत्ता ती देवालासुद्धा ओ देणार नाही. बासष्ट वेढे होऊ देत.”

एकाने हँडल फिरवायचे आणि दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे, अशी इथली पद्धत होती. आता दोन्ही कामे तीच करी.

“मी मोजते म्हटलं, तर नको म्हणाली,” काकूंनी खुलासा केला. “मागे एकदा मी पन्नासनंतर पुन्हा पन्नासच म्हटलं होतं.”

बासष्ट झाले. मुलीने तार तोडली, वेटोळ्याला दोऱ्याची गाठ मारली, हात पुसले आणि मग नमस्कार केला.

ती सव्वीस वर्षांची होती. गावात तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारे हे वर्कशॉप गावातील पाच तरुणांच्या गटाने ग्रामीण युवकांसाठीच्या अनुदानातून उभारले होते. पहिल्या हप्त्यावर ते दीड वर्ष चालले. दुसरा हप्ता द्यायचा की नाही, हे आज ठरणार होते. तो मिळाला नाही, तर महिनाअखेर वर्कशॉपची वीज तुटणार होती. जोडणी प्रकल्पाच्या नावावर होती.

भिंतीवर पाच खिळे होते. चार खिळ्यांना चार धुतलेले अ‍ॅप्रन टांगले होते; त्यांच्या इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

“बाकीचे चौघे?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“कामाला लागले. दोघे कारखान्यात, एक लिफ्टच्या कंपनीत, माझी चुलत बहीण पंख्यांच्या. सगळे शहरात.”

“काम कुठे शिकले?”

“इथेच. या टेबलावर.”

“कोणी शिकवलं?”

मिस्त्रीण वार्निशच्या डब्याचे झाकण लावू लागली. उत्तर काकूंनी दिले. “कोण शिकवणार? हिनेच. शिकवून शिकवून गाव रिकामं केलं बयेनं.”

“पहिला गेला, तेव्हा त्याला स्टँडवर सोडायला आम्ही चौघे गेलो होतो,” मिस्त्रीण म्हणाली. “बहिणीच्या वेळी मी एकटीच.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “गटातले निदान तिघे गावात राहणारे हवेत. नियमच आहे तसा.”

“मग मला घ्या की,” काकू म्हणाल्या. “केस काळे केले, की मी तिशीच्या आत.”

“आणि तिसरा?”

“तिसरी माझी मोटर. ती काही गाव सोडून जायची नाही.”

अधिकारी मोकळेपणाने हसले. मिस्त्रीणही हसली, पण तिचे हसू आधी संपले.

“साहेब, मी नवीन मुलं तयार करीन. थोडी मुदत द्या.”

“मुलं आहेत का गावात?”

तिने काकूंकडे पाहिले. काकू दाराबाहेर पाहत होत्या.

“नववीतली आहेत,” ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून कोणी गेले नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि आवाज खाली आणला.

“तुम्ही तोंड पाडू नका. तुमचा प्रकल्प बंद पडला, असं मी लिहिणार नाहीये. तो पूर्ण झाला. ग्रामीण युवकांना रोजगार, हाच त्याचा उद्देश. चौघांना तो मिळाला. कुठे मिळाला, असा रकाना आमच्याकडे नाही.”

“आणि मी? मी रोज सकाळी आठला हे दार उघडते.”

“अनुदानावर चालणारं काम रोजगारात धरता येत नाही.” ते टेबलाजवळ आले. “पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी ओळख आहे. तुमचा हात पाहिला, तर सोमवारपासून घेतील. पगार बरा आहे, राहण्याची सोय आहे. शब्द टाकू का? मग पाचही जण मार्गी लागले.”

काकूंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

मिस्त्रिणीने टेबलावरच्या उघड्या मोटरीवरून बोट फिरवले. “काकूंच्या मोटरीच्या अर्ध्या खाचा रिकाम्या आहेत अजून.”

“मी सोमवारचं म्हणतोय.”

“सोमवारी दुसऱ्या कुणाची तरी जळेल.”

अधिकाऱ्यांनी हात जोडले आणि ते बाहेर गेले. मोबाइलला रेंज फक्त पायरीपाशी मिळे. त्यांनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला.

“महिनाअखेरनंतर कसं गं?” काकूंनी हळूच विचारले.

“हा कागद धरा. असा. हलवू नका.”

काकू उठल्या आणि त्यांनी मोटरीच्या खाचेतला अस्तराचा कागद दोन बोटांनी धरून ठेवला. मिस्त्रीण त्यात एकेक तार सरकवू लागली. पायरीवरचा आवाज स्पष्ट आत येत होता.

“हो साहेब, झाली पाहणी. यशस्वी म्हणून बंद करतोय... नाही, सगळी नाही गेली. एक मुलगी आहे अजून.”

पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे.

“पाचांपैकी चार. ऐंशी टक्के.”