मॉनिटरचा परवाना

"कुणाचा हात न धरता उठून दाखवता का, बाई?" परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, आणि बाई उठल्या. खुर्चीच्या हातावर तळवा टेकून त्यांनी दम घेतला आणि ताठ उभ्या राहिल्या. एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! चार पावलं चालत त्या खिडकीशी गेल्या, पडदा सारला आणि चार पावलं परत आल्या.

दाराशी उभी असलेली मॉनिटर मनातल्या मनात पावलं मोजत होती. आठांच्या पुढे बाईंचा डावा पाय दगा देतो, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. बाई बसल्या तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मॉनिटर हे काही तिचं नाव नव्हे. दोन वर्षांपूर्वी एक बॅग आणि एक परवाना घेऊन ती या देशात आली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. न्हाणीघरात पडून दिवसभर तिथेच पडून राहिल्या होत्या, म्हणून मुलाने फोनाफोनी करून हिला मागवलं. पहिल्याच आठवड्यात तिने गोळ्यांच्या डब्या लावल्या, जेवणाच्या वेळा ठरवल्या आणि बाईंना चक्क दटावलं. "वर्गाची मॉनिटरच आलीये घरात," बाई म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं.

परवान्यावर अट स्पष्ट होती. एकटं राहू न शकणाऱ्या व्यक्तीची देखभाल, याच घरात आणि गरज असेपर्यंतच. गरज संपली की तीस दिवसांत देश सोडायचा. तिकडे तिची मुलगी आजीजवळ राहून नववीत शिकत होती. तिची शाळा या कागदावर चालली होती.

आणि आज तो कागद वाढवून मिळणार की नाही, ते ठरायचं होतं.

मॉनिटर कालपासून कामाला लागली होती. पूर्वी ती रुग्णालयात कामाला होती. तिथे तपासणी म्हटली की सगळं घासूनपुसून लख्ख करायचं, आजारपणाचं जे जे दिसेल ते नजरेआड करायचं, हीच रीत. तिने तेच केलं. वॉकर कपाटामागे गेला. कमोडची खुर्ची चादरीखाली झाकून गॅलरीत गेली. गादीवरचं रबरी कापड घडी होऊन खणात गेलं. बाईंना सकाळीच आंघोळ, इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले. आपलं काम बघून साहेब खूश होतील, एवढंच बिचारीच्या डोक्यात.

त्यात साहेब निघाला बाईंचाच विद्यार्थी. दारातच वाकून म्हणाला, "ओळखलंत का, बाई?" बाईंनी चष्म्यातून पाहिलं. "शेवटचा बाक. सहामाहीला गणितात नापास." तो पोटभर हसला. तेव्हापासून बाई दहा वर्षांनी तरुण झाल्या होत्या.

"बटणं लावता येतात?"

"तुला येत नव्हती तेव्हा तुझीही लावलीत मी."

"चहा कुणी केला?"

"मी." किटलीत पाणी मॉनिटरने भरलं होतं, कप तिनेच मांडले होते. बटण मात्र बाईंनी दाबलं होतं.

तो एकेका चौकटीत खूण करत गेला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली आणि अगदी मनापासून म्हणाला, "कमाल आहे, बाई. या वयात अशी तब्येत, असं घर! तुम्हाला मदतनिसाची गरजच दिसत नाही. मला तसं लिहावं लागेल."

दोन वर्षं राबून बाईंना उभं केलं आणि काल एका दिवसात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे मॉनिटरला आत्ता कळलं.

अधिकारी तसा सज्जन होता. तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "यांना एकट्यांना जमत नाही, अशी एखादी तरी गोष्ट आहे का? असेल तर आत्ताच सांगा. नंतर मला काही करता येणार नाही."

होती. एका वाक्यात सांगण्यासारखी होती. वाक्य जिभेच्या टोकावर आलंही. पण पहिल्याच महिन्यात बाईंनी भिंतीकडे तोंड करून तिच्याकडून शब्द घेतला होता, की हे माझ्या मुलालाही कळता कामा नये. आणि समोर तर त्यांच्या वर्गातला पोर बसला होता.

तिने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडेच पाहत होत्या, खुर्चीचा हात घट्ट धरून. लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"नाही साहेब. बाई सगळं स्वतःच करतात."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि सही करायला पेन टेकवलं.

"थांब. खोड ते." आवाज सगळा वर्ग गप्प करणारा होता. अधिकारी दचकून ताठ बसला.

बाईंची मान लाल झाली होती. पण त्यांनी नजर वळवली नाही. एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "लिही. मला डायपर लागतो. दिवसातून चार वेळा ही बदलते, आणि तू आलास तेव्हापासून मी ओल्यातच बसले आहे."