कुठून कुठे

पडद्यावरचा बाण उलटा होता.

दक्षताने आधी तो नीट वाचला. मग पुन्हा वाचला. डोंबिवलीहून ठाण्याकडे. खाली आकडा सरकत होता. दोन टक्के.

सकाळी अकराला डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला होता. धूर जवळच्या हॉस्पिटलच्या मशीनरूममध्ये शिरायला लागला तसं तिथे असलेल्या साकेतसरांनी रुग्णांच्या नोंदी साठवणारं तिथलं स्टोरेज बंद केलं आणि सगळं काम ठाण्याच्या स्टोरेजवर घेतलं. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या या खोलीत दक्षता त्या मशीनसमोर बसायची. एरवी ठाण्याचं काम फक्त नक्कल ठेवायचं. डोंबिवलीत जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी इथे उतरे. आज पाच तास खरं ते फक्त इथे होतं. त्या पाच तासांत भाजलेली एकतीस माणसं दाखल झाली होती आणि डोंबिवलीच्या मशीनला त्यांतलं एकही ठाऊक नव्हतं.

आता धूर ओसरला होता. वीस मिनिटं सगळ्या वॉर्डांतले संगणक थांबवून इथलं तिकडे न्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

तिने फोन उचलला.

"सर, दिशा काय दिलीत?"

"नेहमीची," साकेतसर म्हणाले. दिवसभर धुरात खोकून त्यांचा आवाज बसला होता. अठरा वर्षं हेच काम केलेल्या, दक्षताला अक्षर न् अक्षर शिकवलेल्या माणसाने सवयीने रोजचीच दिशा दिली होती.

चार टक्के.

"तुमचं सकाळचं इथल्यावर चढतंय, सर. थांबवा."

"दाबतोय. ऐकत नाहीये." की-बोर्डचा खडखड आवाज आला. "दक्षता, मधेच तुटलं तर तिथे अर्धं सकाळचं, अर्धं आत्ताचं राहील. कुठलंच धड राहणार नाही."

"आणि पूर्ण झालं तर?"

पूर्ण झालं तर पाच तासांतली ती एकतीस माणसं इथूनही पुसली जाणार होती. रात्रीची एक जुनी प्रत होती, पण तिच्यात आजचा दिवस नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं.

सहा टक्के. दक्षता उठली. चार पावलांत ती मशीनच्या मागे गेली. डोंबिवलीच्या दोन केबलींवर तिने स्वतःच पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. पहिली ओढली. दुसरी अडकली. बोटं घामाने निसटत होती. तिने हात कुडत्याला पुसला आणि पुन्हा ओढलं.

पडद्यावर आकडा आठवर थांबला.

"तोडलं," ती फोनवर म्हणाली. "इथलंच परत चालू करते. काय उरलंय ते बघू."

डोंबिवलीला भाजलेल्यांच्या वॉर्डात फोन लावला तेव्हा सिस्टर मंजुळांनी उचलला. दक्षताने त्यांना एकेक बेड वाचायला सांगितलं. रुग्णांच्या मनगटावरच्या पट्टीवर नुसता नंबर आणि रेघा. सिस्टर नंबर वाचायच्या, दक्षता टाकायची, नाव उघडायचं. एक, दोन, तीन. नऊ, दहा.

अकरा उघडला नाही.

तिने पुन्हा टाकला. पान कोरं.

"पुढे चला," ती म्हणाली. एकतिसापर्यंत जाऊन परत आल्यावर तीन नंबर कोरे निघाले. अकरा, चौदा, सव्वीस. चौदा आणि सव्वीस बोलत होते. त्यांना विचारून सिस्टरांनी सगळं कागदावर घेतलं.

"अकराच्या घशात नळी आहे," सिस्टर म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आला. "दक्षता, डॉक्टर ड्रेसिंग करत करत नऊ नंबरपर्यंत पोचलेत. या एकतिसांतल्या एकाला भाजल्यावर लावायचं सल्फाचं मलम चालत नाही, ते मीच टाइप केलेलं. कोणाला, ते मला आठवत नाहीये गं. बाकी अठ्ठावीस जणांत कोणाला दिसतंय का?"

दक्षताने शोधलं. अठ्ठावीस नावं खाली सरकत गेली. कुठेच नाही. चौदाने नाही म्हटलं होतं. सव्वीसने नाही म्हटलं होतं.

"अकराला हात लावू देऊ नका," ती म्हणाली. "त्याचं कोणी आलंय का?"

"बाहेर बायको बसलीये बहुतेक. थांब."

सिस्टर फोन हातात घेऊनच चालायला लागल्या. दार उघडलं तशी गर्दीची कुजबुज आली, कोणीतरी रडत होतं. सिस्टरांनी मोठ्याने विचारलं, अकरा नंबरचं कोण? एक बाई म्हणाली, मी.

"नाव सांगा त्यांचं. पूर्ण."

दक्षताची बोटं की-बोर्डवर थांबली होती.

"परशुराम गोविंद भोईर," बाई सावकाश म्हणाली. "राहणार मोहने."

"कुठलं औषध चालत नाही का?"

"सल्फा. अंगावर फोड येतात."

दक्षताने अक्षरं टाकली. दोनदा चुकली, दोनदा खोडलं. पलीकडे सिस्टर फोन त्या बाईच्या हातात देऊन डॉक्टरांना हाक मारत आत गेल्या. मग बाईचा आवाज अगदी कानाशी आला.

"मगाशी सगळं सांगितलेलं ना मी. लिहून पण घेतलेलं. परत नाव कशाला विचारताय? आहेत ना ते?"